ऊसतोडीला निघण्याआधी गटाच्या बैठकीत सांगायची फुकट सरकारी माहिती : पैसा आणि लेकरांची सुरक्षा

गोदाकाठ_सखी (ता. गंगाखेड, जि. परभणी)

नमस्कार. उमेद अभियानात सीआरपी (बचत गटांना मदत करणारी गावातली कार्यकर्ती) म्हणून काम करते. दसऱ्यानंतर आमच्या भागातल्या तांड्यांवरून टोळ्या निघायला लागतात, त्याआधी प्रत्येक बचत गटाची एक बैठक घ्यायची आहे. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) हातात आलेली असते, म्हणजे वर्षातली सगळ्यात मोठी रक्कम. काही लेकरं आई-बापासोबत फडावर जातात, काही आजी-आजोबांकडं गावात राहतात. त्यामुळं पैसा आणि लेकरं हे दोन्ही विषय एकाच बैठकीत घ्यायचे ठरवलं आहे.

सरकारची माहिती फुकट मिळते हे माहीत आहे, पण ती दहा ठिकाणी विखुरलेली आहे आणि बरीचशी हिंदी-इंग्रजीत. मला नेमकं हवं आहे ते असं : पैसे कुठं ठेवले तर सुरक्षित आणि ते तपासायचं कसं, मोबाईलवरून किंवा अंगठ्यावरून पैसे गेले तर पहिल्या तासात काय करायचं, आणि लेकरांबाबत कोणत्या धोक्यांवर सरकारचा नियम किंवा मदत क्रमांक आहे. बाया लक्षात ठेवू शकतील एवढंच सांगा.

बालाघाटकर (बीड)

ताई, सुरुवात ठेवीपासून करा. बीड-संभाजीनगर पट्ट्यात मल्टिस्टेट (बहुराज्य) पतसंस्थांमध्ये पैसे अडकलेली घरं गावोगाव आहेत, त्यामुळं बाया हे कान देऊन ऐकतील.

बँक आणि पतसंस्था यातला फरक आधी समजावा. बँकेतल्या ठेवीवर डीआयसीजीसीचा विमा असतो, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे. बँक अडचणीत येऊन रिझर्व्ह बँकेनं पैसे काढण्यावर निर्बंध घातले, तर ही विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीनं आली. राष्ट्रीयीकृत बँक, ग्रामीण बँक, जिल्हा बँक, नागरी सहकारी बँक यांना हा विमा लागू आहे. पतसंस्थेला नाही, मग ती गावची असो की मल्टिस्टेट. तिची काचेची केबिन कितीही चकाचक असली आणि एजंट नात्यातला असला तरी नाही.

तपासायचं कसं? बँकेच्या संकेतस्थळावर डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड लावलेला असला पाहिजे. नसेल तर डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तिथं नाव शोधा. ठेवी गोळा करणारी कोणतीही कंपनी किंवा योजना असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तिला ठेवी घेण्याची परवानगी आहे का ते पाहता येतं आणि तक्रारही तिथंच करता येते. पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो म्हणून लोक विश्वास ठेवतात. तो क्रमांक संस्था नोंदल्याचा असतो, ठेव सुरक्षित असल्याचा नव्हे. हे वाक्य बैठकीत दोनदा म्हणा.

ज्यांचे पैसे मल्टिस्टेटमध्ये आधीच अडकलेत त्यांच्यासाठी : २०२३ च्या दुरुस्तीनं बहुराज्य सहकारी संस्थांसाठी सहकार लोकपाल ही यंत्रणा आली. सभासद ठेवीबाबत तिथं तक्रार करू शकतो आणि निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. फसवणुकीचा गुन्हा पोलिसांत नोंदवताना महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचं, म्हणजे एमपीआयडीचं कलम लागलं आहे का ते विचारा. संस्थेची आणि संचालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याचा रस्ता त्या कायद्यातून जातो. मूळ पावत्या कुणाच्याही हाती देऊ नका. झेरॉक्स द्या आणि पोच घ्या.

उचलीतला जो भाग घरी ठेवायचा तो पोस्टात टाकायला सांगा. पोस्टाच्या ठेवीमागं थेट केंद्र सरकार आहे, तिथं ५ लाखांचा प्रश्नच येत नाही.

मांजराकाठ (लातूर)

बालाघाटकरांनी ठेवीचं सांगितलं, मी पैसे गेल्यावरचं सांगतो. इथं वेळ म्हणजेच पैसा.

मोबाईलवरून पैसे गेले की पहिला फोन १९३० ला. बँकेत जायची वाट बघायची नाही. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि एटीएममधून काढतो. रक्कम खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते. एकदा रोख निघाली की मग फक्त तपास उरतो. फोनवर विचारतात ते हाताशी ठेवा : आपला मोबाईल नंबर, बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, किती रक्कम, किती वाजता, आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा तो १२ अंकी असतो आणि ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. म्हणून पैसे गेल्याचा मेसेज पुसायचा नाही. फोननंतर पोच क्रमांक मेसेजवर येतो, तो वापरून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर २४ तासांत तक्रार पूर्ण करायची. बरेच जण १९३० ला फोन करून थांबतात आणि तक्रार अर्धवट राहते. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात तो पोच क्रमांक घेऊन जायचं.

त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, कारण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक तारखेवर चालतं. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणाच्या गडबडीनं पैसे गेले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच भार नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर जनधनसारख्या साध्या खात्यावर जास्तीत जास्त ५,००० आणि नेहमीच्या बचत खात्यावर १०,००० पर्यंतचा भार तुमचा. ओटीपी किंवा पिन स्वतः सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून 'आपलीच चूक झाली, आता काय सांगायचं' म्हणून गप्प बसणं सगळ्यात महागात पडतं. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. फी नाही, वकील नाही. चौकशीला १४४४८.

गावात सध्या दोन गोष्टी जास्त चालतात. एक, व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाईल. नाव असतं पीएम किसान, लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलन. ती इन्स्टॉल केली की मेसेज वाचायची परवानगी तिला मिळते आणि ओटीपी आपोआप चोराकडं जातो. इन्स्टॉल झालीच तर आधी मोबाईल डेटा बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० लावा.

दुसरी गोष्ट अंगठ्याची, आणि हिच्याकडं घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी नीट बघा. आधारवरून पैसे काढताना ना पिन लागतो ना ओटीपी, फक्त आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा. मशीनवाला म्हणतो, 'आजी, लागला नाही, परत लावा.' पहिला अंगठा लागलेला असतो, पैसे वळते झालेले असतात, आणि आजीच्या हातात दुसऱ्या वेळेचेच पैसे पडतात. यावर उपाय असा : प्रत्येक अंगठ्यामागं पावती मागायची, व्यवहार फसला तरी फसल्याची पावती निघते. पावतीवरची उरलेली शिल्लक तिथंच मोठ्यानं वाचून घ्यायची. महिन्यातून एकदा पासबुक बँकेत भरून आणायचं. खात्याला जोडलेलं सिम फडावर गेलेल्या मुलाच्या फोनमध्ये असेल तर मेसेज तिकडं जातो आणि आजीला काही कळत नाही. निघण्याआधी कोणत्या खात्याला कोणतं सिम आहे ते घरात बोलून घ्या.

ज्यांना अंगठ्यानं पैसे काढायचेच नसतात त्यांनी आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवावेत. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर ते फुकट होतं, अडलं तर १९४७ वर मराठीत विचारता येतं.

गोदाकाठ_सखी

दोघांचे आभार, नेमकं हेच हवं होतं. एक विचारते : आजी-आजोबांकडं राहिलेल्या पोरांच्या हातात दिवसभर मोबाईल असतो, त्याच मोबाईलवर यूपीआय. त्याचं काय करावं? आणि लेकरांच्या सुरक्षेवर अजून कुणी लिहिलं नाही.

सातारा_परिसर (छत्रपती संभाजीनगर)

मोबाईलचं आधी. ज्या फोनवर यूपीआय आहे त्याच्या खात्यात फक्त महिन्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा, बाकी दुसऱ्या खात्यात, ज्याला यूपीआय जोडलेलंच नाही. बाकी सगळ्या सेटिंगपेक्षा ही एक युक्ती जास्त उपयोगी. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये झालेल्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आली आहे, तेव्हा असा खेळ कुणी देत असेल तर तो चोरीछुपेच चालतोय असं समजा.

आता लेकरांच्या जिवाचं. मराठवाड्यासाठी पहिला नंबर कोरड्या बोअरचा.

बोअर फेल गेलं की शेतकरी केसिंग पाईप उपसून दुसरीकडं वापरतो. वरच्या मातीला आधार राहत नाही, ती ढासळत जाते आणि सहा-साडेसहा इंची भोकाचं तोंड रुंद होतं. त्यावर पोतं आणि दगड ठेवतात. पोतं उन्हानं कुजतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये यावर स्पष्ट सूचना दिल्या आहेत : सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडगोटे किंवा बोअरचाच चुरा टाकून भरायचं. चालू बोअरच्या केसिंगभोवती ०.५० बाय ०.५० बाय ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा, त्यातला ०.३० मीटर जमिनीवर आणि ०.३० जमिनीखाली. तोंडावर पोलादी झाकण, वेल्डिंग केलेलं किंवा नटबोल्टनं आवळलेलं. मोटार दुरुस्तीला काढली असेल तेव्हाही तोंड उघडं ठेवायचं नाही. नवीन बोअर घेण्याआधी १५ दिवस लेखी कळवायचं आणि खोदकामाभोवती कुंपण घालायचं. ग्रामीण भागात देखरेख सरपंच आणि कृषी विभागाचा अधिकारी यांच्याकडं आहे. म्हणून ग्रामसभेत शिवारातल्या सोडलेल्या बोअरची जमिनीच्या गट क्रमांकानुसार यादी करायचा विषय घ्या. भरताना एक चूक होते : वरून मोठे दगड टाकतात, ते मध्येच अडकतात, बोअर भरल्यासारखं दिसतं आणि पहिल्या पावसात खचतं. आधी बारीक सामान टाका, आणि पावसाळ्यानंतर एकदा परत बघून भर घाला.

दुसरं, फवारणीचं औषध. कापसाच्या पट्ट्यात उरलेलं औषध थंडपेयाच्या बाटलीत ओतून कोनाड्यात ठेवतात. लेकराला ते सरबतच वाटतं. औषध मूळ डब्यातच ठेवा, कारण त्याच्या लेबलवर रंगीत त्रिकोण असतो : लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. विषावरचा उताराही त्याच लेबलवर किंवा सोबतच्या कागदावर लिहिलेला असतो. पोटात गेलंच तर उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणपाण्यानं धुवा, १०८ लावा आणि डबा दवाखान्यात सोबत न्या. डब्याविना डॉक्टरला नुसतं 'औषध प्यालं' एवढंच कळतं, आणि प्रत्येक औषधाचा उपचार वेगळा. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास फुकट सल्ला देतं. वाटेत असताना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातूनही त्यांना विचारता येतं.

खेळणी. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाच्या वर आयएस क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. नुसतं चिन्ह कुणीही छापतं. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये परवाना तपासायच्या जागी तो क्रमांक टाका, उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का ते येतं. खोक्यावरच्या नावाशी जुळलं नाही तर त्याच ॲपमधून तक्रार करा. जत्रेत खोक्याविना विकतात तिथं हे जमणार नाही, तर निदान एवढं बघा : तीन वर्षांखालच्या लेकराला सुटे होणारे बारीक भाग नकोत, आणि बटण सेल असलेल्या खेळण्याचं झाकण स्क्रूनं आवळलेलं हवं. बटण सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून भाजायला सुरुवात करतो. दुखत नाही म्हणून सकाळपर्यंत थांबू नका, थेट एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्या. याच ॲपवर सोन्याच्या दागिन्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा क्रमांकही तपासता येतो. उचलीतून सोनं घेणाऱ्या घरांना ते सांगा.

दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या लेकराला डोक्यात मापाचं हेल्मेट, चालकाला बांधणारा सेफ्टी हार्नेस आणि वेग ताशी ४० पेक्षा जास्त नाही, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे. आणि चौदा-पंधराचं पोरगं गाडी चालवताना गुन्हा किंवा अपघात झाला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, पोराला २५ वर्षांचं होईपर्यंत परवाना नाही. आजोबांची गाडी नातू चालवतो त्या घरात हे जरूर सांगा.

कयाधूकाठ (हिंगोली)

मी बालसंरक्षणाचं जोडते.

१०९८ चोवीस तास, फुकट. लेकरू हरवलं, कुणी मारतंय, कामाला जुंपलंय, लग्न लावून देतायत, कशासाठीही. ते आता ११२ शीही जोडलेलं आहे. फोन करणाऱ्याचं नाव सांगितलं जात नाही.

ऊसतोडीच्या गावात बालविवाहाचं कारण बहुतेकदा एकच असतं : 'पोरगी घरी कुणाच्या भरवशावर ठेवायची?' म्हणून नुसता कायदा सांगून भागत नाही, तिच्या राहण्याची सोय सांगावी लागते. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून जातो. मुख्याध्यापकांना टोळ्या निघण्याआधी स्थलांतर करणाऱ्या पालकांची यादी द्या, नंतर दिली की मंजुरी येईपर्यंत अर्धा हंगाम सरतो. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना समाजकल्याण विभागाकडं आहे, त्यासाठी कामगार असल्याचा दाखला किंवा ओळखपत्र ग्रामसेवकाकडून आधीच काढून ठेवा. जी लेकरं फडावर जाणारच, त्यांचं शिक्षण हमी पत्रक शाळेतून सोबत न्या. त्यावर कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं.

लग्न ठरल्याचं कळलं तर ते थांबवणं सोपं, लागल्यावर अवघड. मुलीला १८, मुलाला २१ पूर्ण हवीत. गावपातळीवर ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याच्या मदतीला. लग्न लावणारे, जमवणारे आणि त्यात सामील होणारे या सगळ्यांना २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. मंडपवाल्याला आणि भटजीला हे आधी सांगितलं की अर्धं काम होतं. वयाचा पुरावा म्हणून शाळेच्या निर्गम उताऱ्याची नक्कल काढून ठेवा, आधारवरच्या तारखेवर वाद घालतात.

लैंगिक अत्याचाराबाबत तीन गोष्टी सांगा. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं, माहीत असून न कळवणं हाच गुन्हा आहे, म्हणून 'गावात मिटवू' म्हणणारा स्वतःच अडकतो. लेकराचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं आणि गणवेशाविना घ्यायचा असतो. लेकराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. फोटो-व्हिडिओचा प्रकार असेल तर तो कुणालाही पुढं पाठवू नका, पुरावा म्हणूनसुद्धा नाही. सायबरक्राइमच्याच पोर्टलवर महिला-बालकांचा वेगळा रकाना आहे, तिथं नाव न देताही कळवता येतं.

बालाघाटकर

दोन गोष्टी राहिल्या. विम्याची : पंतप्रधान सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. हप्ता मे अखेरीस खात्यातून कापतात, तेव्हा शिल्लक शून्य असेल तर विमा तिथंच तुटतो आणि घरच्यांना दावा करतानाच ते कळतं. फडात साप चावणं नेहमीचं. त्याचा दावा मिळण्यासाठी लगेच दवाखान्यात नेल्याची नोंद हवी, मांत्रिकाकडं नेऊन नंतर आणलं तर कागद जुळत नाही. दोन बँकांत दोन हप्ते कापले तरी पैसे एकाच विम्याचे मिळतात.

आणि वस्तू खराब निघाली, कंपनी ऐकत नाही, तर १९१५. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन कंपनीकडं पाठपुरावा करते, आदेश देत नाही. त्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत २ वर्षं. बिल मात्र हवंच.

ताई, बैठक घ्यायला एकटीनं जाऊ नका. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला पत्र द्या, आर्थिक साक्षरतेची शिबिरं घेणं हे त्यांचं कामच आहे. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकाही त्यांच्याकडून फुकट मागता येतात.

गोदाकाठ_सखी

पत्र उद्याच देते. शेवटचे दोन प्रश्न. बायोमेट्रिक लॉक केलं तर रेशनचं काय? आणि मुलीचं सुकन्या समृद्धी खातं आजीनं काढलं तर चालतं का, आई-बाप फडावर असतात म्हणून?

मांजराकाठ

लॉक असताना रेशनच्या मशीनवर अंगठा लागणार नाही. दुकानात जाण्याआधी थोड्या वेळापुरतं अनलॉक करावं लागतं, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाईल जवळ हवा. तो मोबाईल फडावर असेल तर त्या आजीचं लॉक करूच नका, पावती आणि पासबुकावरच भर द्या.

सुकन्येचं खातं आई, बाप किंवा कायदेशीर पालकानंच उघडायचं. आजी-आजोबांनी उघडलेली जुनी खाती आई-बापाच्या नावे करून घ्यावीत असं १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांत आहे. म्हणून टोळी निघण्याआधी पोस्टात जाऊन या. मुलगी १० वर्षांच्या आतली हवी, जन्माचा दाखला आणि आईचं आधार-पॅन लागतं. २५० रुपयांत खातं उघडतं. वर्षाला किमान तेवढे भरले नाहीत तर खातं थकीत होतं आणि दर वर्षामागं ५० रुपये दंड देऊन चालू करावं लागतं. मार्च महिना फडावरच जातो, तेव्हा वर्षाचे २५० निघण्याआधीच भरून टाका.